वणीचा कोळसा आणि माथिल्डचे घनफळ : लघुग्रहांच्या ‘आकार-फायली’ कशा वाचाव्यात

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वणी तालुक्यात शिरले की जमिनीचे रूप पालटते. जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर आणि त्यापासून झालेल्या कापसाच्या काळ्या मातीवर वसलेला आहे. वणीकडे मात्र वर्धा खोऱ्यातील गोंडवन काळाचे थर वर येतात आणि उकणी, घोन्सा, कोलारपिंपरी येथील उघड्या खाणींतून दगडी कोळसा निघतो. या खाणींत किती माती उपसली आणि किती कोळसा काढला, याचा हिशेब टनांत मांडण्याआधी घनमीटरमध्ये मांडावा लागतो. त्यासाठी सर्वेक्षक खाणीच्या उतारांवरील असंख्य बिंदूंची स्थाने मोजतात, ते बिंदू संगणकावर त्रिकोणांनी जोडतात आणि दोन सर्वेक्षणांच्या पृष्ठभागांमध्ये किती घनफळ सामावले आहे, ते काढतात.

नेमकी हीच रीत पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या लघुग्रहांनाही लावली जाते. लघुग्रह, धूमकेतू आणि ग्रहांचे वेडेवाकडे उपग्रह यांची त्रिमितीय आकृती बिंदू व त्रिकोणांच्या यादीत बांधून ठेवलेल्या फायली ‘शेप मॉडेल’ किंवा आकार-प्रारूप या नावाने ओळखल्या जातात. अनेक अंतराळ मोहिमांतून तयार झालेली ही प्रारूपे कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. यवतमाळातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील साधा संगणकही त्यांतील लहान फायलींसाठी पुरेसा ठरतो. फाइल उघडणे सोपे आहे. तिच्यातला कोणता भाग मोजलेला आणि कोणता अंदाजाने भरलेला, हे ओळखणे अवघड आहे. कोळशाच्याच नात्याने वणीशी जोडता येईल असा एक लघुग्रह या अडचणीचे उत्तम उदाहरण आहे.

कोळसा क्षेत्रांची नावे मिरवणारा लघुग्रह

‘२५३ माथिल्ड’ हा लघुग्रह योहान पालिसा यांनी १२ नोव्हेंबर १८८५ रोजी व्हिएन्ना येथून शोधला. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातून तो सुमारे ४.३ वर्षांत सूर्याभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. शंभराहून अधिक वर्षे तो दुर्बिणीतील एक ठिपका एवढाच होता. ‘नासा’चे ‘निअर’ हे यान इरोस या लघुग्रहाकडे निघाले असता वाटेत २७ जून १९९७ रोजी माथिल्डपासून १,२१२ किलोमीटर अंतरावरून गेले आणि त्याची पहिली जवळची छायाचित्रे मिळाली.

माथिल्ड विलक्षण काळा निघाला. अंगावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी जेमतेम चार टक्के प्रकाश तो परत पाठवतो. या काळेपणावरून आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने त्याच्यावरील विवरांना पृथ्वीवरील कोळसा क्षेत्रांची नावे दिली. सुमारे ३३ किलोमीटर रुंदीचे सर्वांत मोठे विवर दक्षिण आफ्रिकेतील ‘कारू’च्या नावाने ओळखले जाते. जपानचे ‘इशिकारी’ आहे, भारताचे ‘दामोदर’ आहे. वर्धा खोऱ्याची वर्णी मात्र त्या यादीत लागलेली नाही. अर्थात माथिल्डवर दगडी कोळसा नाही. कोळसा वनस्पतींपासून बनतो. माथिल्डचा काळेपणा सूर्यमालेच्या जन्मकाळातील कार्बनयुक्त खनिजांचा मानला जातो.

माथिल्ड स्वतःभोवती अतिशय मंद गतीने फिरतो. त्याची एक फेरी सुमारे १७.४ दिवसांत पूर्ण होते. ‘निअर’ त्याच्याजवळून सेकंदाला जवळपास दहा किलोमीटर वेगाने गेले. जवळून टिपलेल्या छायाचित्रांसाठी अर्ध्या तासाहून अधिक अवधी हाती नव्हता आणि तेवढ्या वेळात माथिल्ड अर्धा अंशही फिरला नाही. परिणामी त्याच्या पृष्ठभागाचा सुमारे साठ टक्के भागच प्रकाशात दिसला. उरलेला भाग कडांच्या रेषा, पृथ्वीवरून नोंदलेले तेजातील चढउतार आणि ‘साधारण असाच असावा’ हे गृहीतक यांच्या आधाराने भरावा लागला. संगणकाच्या पडद्यावर मात्र माथिल्ड सर्व बाजूंनी सारखाच भरीव दिसतो. अंदाजाच्या बाजूला वेगळा रंग नसतो.

घनतेचा हिशेब

या साठ-चाळीसच्या वाटणीने काय बिघडते, हे एका भागाकारातून कळते. यान जवळून जाताना माथिल्डच्या गुरुत्वाकर्षणाने त्याच्या वेगात अत्यल्प फरक पडला. यानाच्या रेडिओ लहरींच्या कंपनसंख्येत तो फरक मोजला गेला आणि त्यावरून माथिल्डचे वस्तुमान निघाले : सुमारे १०३ लाख कोटी टन. आकार-प्रारूपावरून घनफळ निघाले : सुमारे ७८ हजार घन किलोमीटर, म्हणजे ७८ लाख कोटी घनमीटर. एकाला दुसऱ्याने भागले की घनता मिळते, दर घनमीटरला सुमारे १.३ टन.

हा आकडा वणीच्या माणसाला ओळखीचा वाटेल. दगडी कोळशाची घनताही साधारणपणे १.३ ते १.५ याच पट्ट्यात असते. हा निव्वळ योगायोग आहे, पण शास्त्रज्ञांना या आकड्याने चकित केले ते वेगळ्या कारणाने. माथिल्डसारख्या कार्बनयुक्त पदार्थाच्या ज्या अशनी पृथ्वीवर पडल्या आहेत, त्यांची घनता याच्या दुपटीच्या आसपास भरते. तेव्हा माथिल्डच्या पोटातील जवळपास निम्मी जागा रिकामी असली पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. अखंड खडकाऐवजी सैल रचलेल्या दगडगोट्यांचा तो ढिगारा असावा. पन्नास किलोमीटरच्या पिंडावर तेहतीस किलोमीटरचे विवर पडूनही तो फुटला कसा नाही, या कोड्याचे उत्तरही या पोकळपणात शोधले गेले.

आता न दिसलेल्या बाजूचा अंदाज चुकला, असे समजू. खरे घनफळ प्रारूपापेक्षा दहा टक्क्यांनी कमी असेल तर घनता १.३ ऐवजी १.४७ होते. दहा टक्क्यांनी जास्त असेल तर ती १.२ वर येते. वस्तुमान रेडिओच्या साहाय्याने बऱ्यापैकी नेमके मिळाले होते. घनतेतील अनिश्चितता मुख्यतः घनफळातून आली. खाणीत मोजणी चुकली तर कंत्राटदाराचे देयक चुकते. येथे चुकली तर लघुग्रहाच्या पोटात काय आहे, त्याचे उत्तर बदलते.

फाइलमध्ये असते तरी काय?

बहुतेक आकार-फायली साध्या मजकुराच्या असतात. सर्वांत प्रचलित ‘ओबीजे’ या स्वरूपात दोनच प्रकारच्या ओळी महत्त्वाच्या असतात. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराने सुरू होणाऱ्या ओळीत एका शिरोबिंदूचे तीन निर्देशक असतात : पिंडाच्या केंद्रापासून एक्स, वाय आणि झेड या तीन दिशांना तो बिंदू किती अंतरावर आहे ते. ‘एफ’ अक्षराने सुरू होणाऱ्या ओळीत तीन पूर्णांक असतात. कोणते तीन बिंदू जोडले की पृष्ठभागाचा एक त्रिकोण तयार होतो, ते या पूर्णांकांवरून समजते. बिंदूंची गणना एकपासून सुरू होते. संगणकाच्या बहुतेक आधुनिक भाषा शून्यापासून मोजतात. स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली चूक हमखास येथेच होते आणि मग लघुग्रहाऐवजी काटेरी निवडुंग पडद्यावर अवतरतो.

काही फायलींत अक्षरे नसतात. आरंभी बिंदूंची व त्रिकोणांची संख्या दिलेली असते आणि पुढे क्रमांकासह दोन्ही याद्या येतात. त्याहून जुन्या पद्धतीत अक्षांश, रेखांश आणि त्या ठिकाणची केंद्रापासूनची त्रिज्या असा तक्ताच असतो. गोलसर पिंडांसाठी तो पुरेसा ठरतो. ‘६७पी’ या धूमकेतूसारख्या पिंडाला मात्र ही पद्धत चालत नाही. ‘रोझेटा’ यानाने २०१४ ते २०१६ या काळात जवळून पाहिलेल्या या धूमकेतूचे दोन गोळे मधल्या मानेने जोडलेले आहेत. केंद्रातून काढलेली एकच रेषा त्याच्या पृष्ठभागाला एकाहून अधिक ठिकाणी छेदू शकते. अशा ठिकाणी एका अक्षांश-रेखांशाला एकच त्रिज्या देणार कशी?

हाच भेद लोणारशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे आघाती विवर नकाशावर मांडायचे तर प्रत्येक ठिकाणची समुद्रसपाटीपासूनची उंची दिली की काम भागते. चंद्राच्या बाबतीतही तेच. ‘चांद्रयान-२’च्या कक्षायानावरील अतिसूक्ष्म कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रतिमांवरून ‘चांद्रयान-३’साठी उतरण्याची जागा तपासली गेली आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते यान उतरले. त्यासाठी उंचीचे नकाशेच लागतात. काही शे मीटरच्या लघुग्रहाला समुद्रसपाटी नसते, एकसारखी ‘खाली’ ही दिशाही नसते. म्हणून तेथे संपूर्ण बंद पृष्ठभागच द्यावा लागतो.

उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर

या फायलींचा मोठा संग्रह ‘नासा’च्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिम या अभिलेखागाराच्या लघुपिंड विभागात आहे. जपान आणि युरोप यांच्या अंतराळ संस्थांचेही स्वतंत्र संग्रह आहेत. फाइल पाहण्यासाठी ‘मेशलॅब’ किंवा ‘ब्लेंडर’ ही विनामूल्य सॉफ्टवेअर पुरतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेने खास लघुपिंडांसाठी तयार केलेले ‘स्मॉल बॉडी मॅपिंग टूल’ आकृतीवर यानाची छायाचित्रे बसवूनही दाखवते.

आरंभ लहान फायलीपासून करणे श्रेयस्कर. रॉबर्ट गॅस्केल यांनी ‘हायाबुसा’ यानाच्या २००५ मधील छायाचित्रांवरून केलेले इटोकावाचे प्रारूप चार प्रतींत मिळते. त्यांत अनुक्रमे ४९,१५२, १,९६,६०८, ७,८६,४३२ आणि ३१,४५,७२८ त्रिकोण आहेत. प्रत्येक पायरीला संख्या चौपट होते. सर्वांत लहान प्रतीत २५,३५० बिंदू आहेत. म्हणजे एकूण ७४,५०२ ओळी. एक्सेलच्या २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांत ६५,५३६ ओळींची मर्यादा होती. जुन्या संगणकावर ही फाइल तक्ता म्हणून उघडली तर शेवटचे सुमारे नऊ हजार त्रिकोण गळून पडतील आणि इटोकावाला भगदाड पडलेले दिसेल. ते भगदाड एक्सेलचे असेल, लघुग्रहाचे नव्हे.

फाइल पूर्ण उतरली की नाही, हे तपासण्याची एक जुनी आणि देखणी कसोटी आहे. त्रिकोणांनी बनलेल्या आणि आरपार छिद्र नसलेल्या कोणत्याही बंद आकृतीत त्रिकोणांची संख्या ही बिंदूंच्या दुपटीतून चार वजा केल्याइतकी असते. अठराव्या शतकातील गणिती ऑयलर यांच्या सूत्राचेच हे रूप आहे. इटोकावाच्या लहान प्रतीला ही कसोटी लावली तर ४९,१५२ त्रिकोणांसाठी २४,५७८ बिंदू पुरेत. फाइलमध्ये तर २५,३५० आहेत. ७७२ बिंदू जास्तीचे कोठून आले? गॅस्केल यांची पद्धत पिंडाला घनाच्या सहा बाजूंप्रमाणे सहा चौरस जाळ्यांत विभागते. प्रत्येक जाळीत ६५ गुणिले ६५ बिंदू असतात आणि दोन जाळ्या जेथे भेटतात त्या कडेवरचे बिंदू दोन्हीकडे, कोपऱ्यातले तर तिन्हीकडे लिहिलेले असतात. फाइल सदोष नाही, तिच्यात फक्त पुनरुक्ती आहे. परंतु ही गोष्ट ठाऊक नसेल तर सॉफ्टवेअर त्या कडांना ‘फाटलेल्या’ समजते आणि घनफळ देण्यास नकार देते. मेशलॅबमध्ये एकाच जागचे बिंदू सांधण्याची आज्ञा आहे. ती दिली की ७७२ बिंदू नाहीसे होतात आणि ऑयलरचा हिशेब जुळतो.

त्यानंतरचा प्रश्न एककाचा. ओबीजे फाइलमध्ये आकडे असतात, पण ते किलोमीटर आहेत की मीटर, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. शास्त्रीय संग्रहांत बहुधा किलोमीटर वापरतात. ती माहिती सोबतच्या वर्णनपत्रात असते आणि उतरवून घेताना नेमके तेच मागे राहते. त्रिमितीय छपाईची यंत्रे आकड्यांना मिलिमीटर समजतात. त्यामुळे ६६ किलोमीटर लांबीचा माथिल्ड ६६ मिलिमीटरचा, मुठीत मावेल असा छापला जातो. एकास दहा लाख हे प्रमाण आपोआप साधते. इटोकावाची लांबी अवघी ५३५ मीटर. तो त्याच यंत्रावर अर्ध्या मिलिमीटरचा, ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक कण होऊन बाहेर पडेल.

घनफळ काढण्याची कृती शाळेतील भूमितीपलीकडे जात नाही. प्रत्येक त्रिकोण हा पाया आणि पिंडाचे केंद्र हे टोक धरले की एक त्रिकोणी पायाचा पिरॅमिड तयार होतो. त्याचे घनफळ तिन्ही बिंदूंच्या निर्देशकांवरून निघते. सर्व पिरॅमिडांची बेरीज म्हणजे लघुग्रहाचे घनफळ. त्रिकोणाचे तीन बिंदू कोणत्या क्रमाने लिहिले आहेत, यावर उत्तराचे चिन्ह ठरते. बाहेरून पाहताना ते घड्याळाच्या उलट दिशेने लिहिण्याचा संकेत आहे. एकूण घनफळ उणे आले तर आकृती आतबाहेर उलटी झाली आहे, असे समजावे. कृती यांत्रिक आहे. फाइलमधील त्रिकोण मोजमापाचे असोत वा कल्पनेचे, उत्तर तितक्याच ठामपणे आणि तितक्याच दशांश स्थळांपर्यंत मिळते.

आकार कळतो कसा?

म्हणूनच प्रारूप कोणत्या मार्गाने तयार झाले, हे आधी पाहावे लागते. यान प्रत्यक्ष पोहोचले असेल तर निरनिराळ्या कोनांतून आणि निरनिराळ्या उजेडात घेतलेल्या छायाचित्रांतील छाया-प्रकाशावरून प्रत्येक ठिकाणचा उतार काढतात. इरोस, इटोकावा, बेन्नू यांची सूक्ष्म प्रारूपे अशी बनली. पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांवर रडारच्या लहरी सोडून परतलेल्या प्रतिध्वनीवरूनही आकार मिळतो. प्वेर्तो रिकोमधील अरेसिबोची महाकाय दुर्बीण डिसेंबर २०२० मध्ये कोसळली. त्यामुळे या कामाचे मोठे साधन गेले. कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथील रडार २०२५ पर्यंत काम करत होते.

यान किंवा रडार यांच्या टप्प्यात न आलेल्या लघुग्रहांसाठी तेजाचा आधार घेतात. लांबट लघुग्रह फिरताना कधी रुंद बाजू दाखवतो, कधी टोक. त्याप्रमाणे त्याचे तेज वरखाली होते. अनेक वर्षांच्या अशा प्रकाशवक्रांवरून आकार उलगडण्याचे गणित फिनलंडचे मिक्को कासालाइनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडले. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाच्या ‘डामिट’ या संग्रहात अशी असंख्य प्रारूपे आहेत. ती वापरताना दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. ही प्रारूपे बहुधा बहिर्वक्र असतात, म्हणजे त्यांच्यात खळगा असूच शकत नाही. मोठे विवर असल्यास त्या जागी सपाट पृष्ठ दिसते. शिवाय केवळ तेजावरून आकाराचे प्रमाण कळते, लांबी-रुंदी किलोमीटरमध्ये कळत नाही. ‘डामिट’मधील फाइलवरून थेट घनफळ काढून ते घन किलोमीटरमध्ये सांगणारे निबंध विद्यार्थ्यांकडून लिहिले जातात. तेथे एककच मुळात गृहीत असते.

चुकीची किंमत

बेन्नूचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सुमारे अर्धा किलोमीटर व्यासाच्या या लघुग्रहाचे रडारवरून केलेले प्रारूप २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तो भोवऱ्यासारखा दिसत होता. ‘ओसायरिस-रेक्स’ यान डिसेंबर २०१८ मध्ये तेथे पोहोचले तेव्हा तो खरोखरच भोवऱ्यासारखा निघाला. आकार बरोबर होता, पण पृष्ठभाग बारीक खडीचा असेल हा वेगळ्या निरीक्षणांवरून बांधलेला होरा साफ चुकला. सर्वत्र मोठमोठ्या शिळा विखुरल्या होत्या. यानाची आखणी सुमारे पन्नास मीटर रुंदीच्या मोकळ्या मैदानाच्या हिशेबाने झाली होती. सापडली ती जेमतेम सोळा मीटरची जागा. अखेर नव्याने केलेली अतिसूक्ष्म भूप्रारूपे यानाच्या संगणकात भरण्यात आली. उतरताना समोर दिसणारे दृश्य त्या प्रारूपांशी ताडून यानाने स्वतःच मार्ग सुधारला आणि २० ऑक्टोबर २०२० रोजी ठरलेल्या जागेपासून एका मीटरच्या आत ते टेकले. सप्टेंबर २०२३ मध्ये १२१.६ ग्रॅम नमुना पृथ्वीवर आला.

महाराष्ट्राशी थेट संबंध आला तो २०२५ च्या आरंभी. ‘२०२४ वायआर-४’ हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन टक्क्यांवर गेली होती. संभाव्य पट्टा अरबी समुद्र आणि दक्षिण आशियावरून जात असल्याने मुंबईचे नाव देशोदेशीच्या बातम्यांत झळकले. पुढील निरीक्षणांनी तो धोका निकालात काढला. परंतु त्या काही आठवड्यांत खरा प्रश्न होता तो लघुग्रहाच्या वस्तुमानाचा. व्यास ४० ते ९० मीटर, एवढेच ठाऊक होते. घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. त्यामुळे या दोन टोकांत अकरा पटींहून अधिक अंतर पडते. एका टोकाला खिडक्यांची तावदाने, दुसऱ्या टोकाला शहराचा मोठा भाग. जेम्स वेब दुर्बिणीने नंतर व्यास साठ मीटरच्या आसपास असल्याचे दाखवले. प्रकाशवक्रांवरून तो चपटा आणि सुमारे वीस मिनिटांत स्वतःभोवती फिरणारा असल्याचे दिसून आले.

लघुग्रहाला धक्का देऊन वळवायचे ठरले तरी आकार ठाऊक हवाच. ‘डार्ट’ यान भारतीय वेळेनुसार २७ सप्टेंबर २०२२ च्या पहाटे डिमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुचंद्रावर मुद्दाम आदळवण्यात आले. त्याचा प्रदक्षिणाकाळ ११ तास ५५ मिनिटांवरून तेहतीस मिनिटांच्या आसपास घटला. जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील शांतनु नायडू आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार त्या धडकेत डिमॉर्फसचा आकारच बदलला. आधी तो वरून दाबलेल्या गोळ्यासारखा होता, नंतर कलिंगडासारखा लांबट झाला. त्यामुळे डिमॉर्फसची फाइल घेताना ती धडकेपूर्वीची की नंतरची, हे तारखेवरून पाहणे आवश्यक आहे.

यवतमाळातून करता येण्याजोगे

भारतीय छायाचित्रावर सराव करायचा असेल तर मंगळाचा उपग्रह फोबोस सोयीचा आहे. ‘मंगळयाना’ने १ जुलै २०२० रोजी सुमारे ४,२०० किलोमीटरवरून त्याचे छायाचित्र घेतले आणि ‘इस्रो’ने ते प्रसिद्ध केले. त्यात स्टिकनी हे मोठे विवर ओळखू येते. फोबोसचे गॅस्केल यांनी केलेले प्रारूप ब्लेंडरमध्ये उघडून, एकच दिवा सूर्य मानून, आकृती फिरवत छायाचित्राशी जुळवता येते. विवराच्या कडेची सावली जुळली की उजेडाची दिशा सापडली असे समजावे. रेखांश पूर्वेकडे मोजले आहेत की पश्चिमेकडे, यात गफलत झाली तर आकृती आरशातल्यासारखी उलटी येते आणि कितीही फिरवली तरी जुळत नाही.

फायली वाचण्यापलीकडे जाऊन त्या घडवण्यातही छोट्या शहरांना वाव आहे. प्रकाशवक्र नोंदण्यासाठी वीस-पंचवीस सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण, तिला जोडलेला सीसीडी कॅमेरा, अचूक घड्याळ आणि अंधारे आकाश लागते. जिल्ह्यात पावसाळ्याचे चार महिने वजा केले तर हिवाळ्यातील रात्री या कामासाठी चांगल्या असतात. काही तासांत स्वतःभोवती फिरणारे तेजस्वी लघुग्रह आरंभी निवडावेत. एका रात्रीत त्यांची पूर्ण फेरी टिपता येते. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या अशा नोंदी एकत्र आल्या तरच आकार उलगडतो. त्यामुळे जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी या संग्रहांत वापरल्या जातात.

माथिल्ड नवशिक्यासाठी मात्र सोयीचा नाही. सर्वांत अनुकूल वेळीही तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या अंधूकतम ताऱ्याहून शंभर पटींहून अधिक फिकट असतो आणि १७.४ दिवसांच्या फेरीतला एका रात्रीत वाट्याला येणारा तुकडा फारच लहान ठरतो. ‘निअर’ तेथे पोहोचण्यापूर्वी, १९९५ मध्ये, त्याचा परिवलनकाळ निश्चित करण्यासाठी निरीक्षकांना अनेक महिने त्याचा पाठलाग करावा लागला होता. कारू, इशिकारी आणि दामोदर यांच्या पलीकडचा सुमारे चाळीस टक्के माथिल्ड पाहण्यासाठी १९९७ नंतर दुसरे कोणतेही यान गेलेले नाही.